खाली सेव्ह आहे, मॅडम

मोबाईलच्या पडद्यावर स्विच काढायचा असेल तर तो दाबल्यावर लगेच काहीतरी झालं पाहिजे. यापेक्षा जास्त मी काही मागत नाही. भिंतीवरचा स्विच दाबला की पंखा फिरतो. तो फिरावा म्हणून मागच्या दारी जाऊन 'हो, मला खरंच पंखा हवा आहे' असं कुणाला सांगावं लागत नाही. जिथे आधी चार गोष्टी ठरवायच्या, एकदा नजर फिरवायची आणि शेवटी 'सेव्ह' म्हणायचं, तिथे स्विच नको, टिक करायचा साधा चौकोन हवा. कागदी अर्जावर असतो तसा. अर्ज खिडकीतून आत सरकवेपर्यंत त्या टिकला काही किंमत नाही, हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतं. स्विच म्हणजे झालं, चौकोन म्हणजे अजून व्हायचंय. शिकवायला पाच मिनिटं लागतात.

मी हे शिकवून थकले आहे. कर्जतला घरी बसून मी एका कंपनीसाठी मोबाईलचे पडदे आखते. दवाखान्यांची आणि तपासणी केंद्रांची ॲप असतात आमच्याकडे. पेशंटला कुठलं बटण कुठं दिसावं, काय आधी विचारावं, काय नंतर, हे ठरवणं माझं काम. बरोबरची मुलं हुशार आहेत आणि त्यांना स्विच फार आवडतो. गोल कडांचा, सरकणारा, हिरवा होणारा. चौकोन त्यांना सरकारी वाटतो. 'मॅम, चेकबॉक्स जुनाट दिसतो,' असं एकीनं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, जुनाट दिसू दे, माणसाला कळू दे. ती हसली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा स्विच घेऊन आली.

हे सगळं ऑफिसातलं भांडण होतं. माझ्या घरापर्यंत ते येईल असं वाटलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण कोंडाण्यात दिली आहे. लेण्यांकडे चढणारी वाट त्यांच्या गावातून जाते, त्यामुळे शनिवार-रविवार गावात गाड्यांची रांग असते. तिचा नवरा दारूनं गेला. त्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या गावानं बघितलं आहे. तो गेल्यावर तिच्या सासूनं घरातल्या देवीसमोर सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाली, या अंगणात पुन्हा बाटली येणार नाय. थोरल्या दिरांनी देवीवर हात ठेवून शब्द दिला. ते खालापूरकडच्या एका कारखान्यात नोकरीला होते, आता निवृत्त होऊन शेती बघतात. बोलणं कमी, आवाज मोठा. त्यांनी शब्द दिला म्हणजे तो शेजारच्या चार घरांनाही लागू झाला. लग्नाच्या हळदीलासुद्धा त्या आळीत कुणी लपूनछपून पीत नाही.

बहिणीनं नवऱ्याच्या मागे घराच्या पाठीमागच्या दोन खोल्या नीट करून घेतल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. फिरायला येणारी कुटुंबं, कॉलेजच्या मुली, लेणी बघायला येणारे शिक्षक. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सांगितलं तर गावठी कोंबडी. फोन आला की ती पहिलं वाक्य हेच बोलायची, 'आमच्याकडं बाटली चालत नाय, आधीच सांगते.' काही जण फोन ठेवून द्यायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट ती मला सांगायची, 'ताई, एका वाक्यात कचरा गाळला जातो.'

मग एका बुकिंगच्या ॲपचा माणूस आला. गाडीतून उतरला, खोल्यांचे फोटो काढले, अंगणातल्या जास्वंदीचे फोटो काढले, सासूबाईंना चुलीपुढे बसवून त्यांचाही फोटो काढला आणि बहिणीच्या मोबाईलवर तिचं पान तयार करून दिलं. नियमांची सगळी उत्तरंही त्यानंच भरली. ॲप मराठीत होतं, चांगलं मराठीत. म्हणजे भाषेचा दोष देऊन सुटका नाही.

ॲपमुळे पाहुणे वाढले. पण एक गोष्ट गेली. पाहुण्याचा नंबर बुकिंग पक्कं झाल्याशिवाय मिळेना. बहिणीचं ते पहिलं वाक्य बोलायला कुणी समोरच उरलं नाही. ज्येष्ठात एका पाहुणीनं तिला सहज विचारलं, 'तुमच्याकडे ड्रिंक्स चालतात असं लिहिलंय, पण तुम्ही तर माळ्यावर देवीचं घर ठेवलंय.' बहीण चपापली. तिच्या घरात मोबाईलला नेट मिळत नाही, गावच्या पाण्याच्या टाकीपाशी मिळतं. ती टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली, तिचं पान उघडलं आणि नियमांत बघितलं. 'मद्यपानाला परवानगी', आणि पुढे हिरवा स्विच. त्या फोटोवाल्यानं भरलेला.

तिनं तो दाबला. हिरवा पांढरा झाला. गोळी उजवीकडून डावीकडे सरकली. तिनं मला तिथूनच फोन केला.

'बंद केलं गं ते,' ती म्हणाली. 'काय मेला शहाणा, आमच्या घरात दारू लिहून गेला होता.'

'बरं केलंस,' मी म्हटलं.

विषय संपला. तिच्या दृष्टीनं तो संपला होता. आमच्याकडे तिन्हीसांजेला बल्ब लावला तरी बायका त्याला हात जोडतात. ते हात दिव्याला जोडलेले असतात, आणि दिवा लागला आहे याबद्दल कुणाला शंका नसते. लागला म्हणजे लागला. स्विचवर इतका विश्वास ठेवणाऱ्या घरातली ही बाई.

त्यानंतर काही आठवडे कुटुंबंच आली. कुणी बाटली आणली नाही, त्यामुळे काही कळलंही नाही. मग आषाढ संपत आला.

कर्जतकडे आषाढाचे शेवटचे दिवस म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात दारू-मटण बंद म्हणून श्रावणाआधी जेवढं होईल तेवढं उरकायचं. त्याला गटारी म्हणतात आणि ते नाव योग्य आहे. मुंबई-ठाण्याचे लोक गाड्या भरून इकडे येतात. पळसदरीपासून कोंडाण्यापर्यंत एक फार्महाऊस रिकामं नसतं. जो कधी डोंगर बघत नाही तोही श्रावणाआधीच्या शेवटच्या रविवारी निसर्ग बघायला येतो.

बहिणीकडे त्या रविवारी दुपारी पुरुषांचा एक गट आला. गाडीतून आधी बर्फाचा डबा उतरला, मग बाटल्यांची खोकी. ते ओटीवरच बसले, कारण ओटीवरून धबधबा दिसतो. बहीण बाहेर आली.

'इथं हे चालत नाही,' ती म्हणाली.

'वहिनी, तुम्हीच परवानगी दिलीय,' त्यातला एक म्हणाला आणि त्यानं मोबाईल पुढे केला.

पडद्यावर लिहिलं होतं, 'यजमानांनी मद्यपानाला परवानगी दिली आहे.' तिचं नाव होतं. तिचा फोटो होता.

'मी बंद केलंय ते.'

'बंद कुठंय? हे बघा ना. आम्ही वाचूनच बुक केलं.'

तो उद्धट नव्हता, हे तिनं मला मुद्दाम सांगितलं. तो खरंच गोंधळला होता. त्याच्यापुरतं त्याचं बरोबर होतं. हेच मला जास्त संतापवतं. त्या पडद्यानं दोन्ही बाजूंच्या माणसांना वेगवेगळं सांगितलं आणि एकमेकांसमोर उभं केलं.

दीर आले. शेजारचे आले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि ओटीवरच्या बाटल्यांकडे बघत राहिल्या. दिरांनी त्या लोकांना उठवलं. आवाज चढले, एक ग्लास फुटला, जाता जाता एकानं दिरांच्या समोर पुन्हा मोबाईल धरला. 'काका, आम्हाला काय ओरडता. तुमच्या घरच्या बाईला विचारा.' दिरांनी चष्मा लावला आणि ते वाक्य वाचलं. दोनदा वाचलं असं शेजारीण म्हणते.

गाडी गेल्यावर दिरांनी एकाच किल्लीची दोन कुलपं आणली आणि पाठीमागच्या दोन्ही खोल्यांच्या कड्यांना लावली. किल्ली कमरेच्या करगोट्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि कोंडाण्याला गेले. बहीण भांडी घासत होती. रडली नव्हती. आमच्यात रडण्याची पद्धत नाही.

'सगळ्यांना वाटतंय मीच ठेवलं होतं,' ती म्हणाली. 'गटारीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून.'

'कोण म्हणतं?'

'म्हणत कुणी नाही. पण मघाशी विहिरीवर एक जण दुसरीला म्हणाली, नवरा त्यानंच गेला नि हिला त्याचंच भाडं पाहिजे. मी ऐकायला होते म्हणूनच म्हणाली.'

मी म्हटलं, चल. आम्ही टाकीच्या कट्ट्यावर गेलो आणि मी तिच्या मोबाईलवर ते पान उघडलं.

मी बरीच वाईट पानं बघितली आहेत. काही माझ्याच टीमनं केलेली आहेत. पण हे पान बघून माझं डोकं फिरलं. नियमांची लांबच लांब यादी, प्रत्येकासमोर सुंदर स्विच. धूम्रपान, पाळीव प्राणी, मोठ्यानं गाणी, मद्यपान. शाकाहारी जेवण एक स्विच, मांसाहारी दुसरा स्विच. दोन्ही बंद केले तर पाहुण्यानं काय खायचं हे कुणी विचारलं नव्हतं. मी मद्यपानाचा स्विच दाबला. पांढरा झाला, मोबाईल हळूच थरथरलासुद्धा. झालं, असं तो थरथराट सांगत होता. मी मागे गेले. पानानं काही विचारलं नाही. पुन्हा पान उघडलं. हिरवा.

'बघ,' बहीण म्हणाली. 'मी बंद केलं होतं ना?'

मी पुन्हा उघडून खाली सरकत गेले. नियमांखाली बुकिंग रद्द करण्याच्या अटी, त्याखाली स्वच्छतेच्या सूचना, त्याखाली 'जवळची ठिकाणं' म्हणून धबधब्याचे फोटो, आणि फोटोंच्या खाली, राखाडी रंगात, 'सेव्ह'. जिवाच्या आकांतानं शोधणाऱ्यालाच सापडेल असं. ते दाबलं तरच वरचं काही खरं. नाहीतर तुम्ही दाबलेले सगळे स्विच खेळातले. मी ते लगेच दाबलं नाही, हे आधी घरच्यांना दाखवायचं होतं.

मी तिथूनच त्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. गाणं वाजलं, मग एक मुलगा आला.

'मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये तुमचं मद्यपान ऑन दिसतंय.'

'माझं नाही. आणि तिनं ते बंद केलं होतं.'

'सेव्ह केलं नसेल, मॅडम.'

'स्विचला सेव्ह कशाला लागतो?'

'खाली सेव्ह आहे, मॅडम.'

'ते मला दिसलं. मी विचारतेय, कशाला आहे?'

'मॅडम, खाली स्क्रोल केलं की सेव्ह आहे.'

त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. त्याला जे वाक्य दिलं होतं ते तो वाचत होता. मी म्हटलं, तुमच्यात हे पान ज्यानं आखलं त्याला फोन करायला सांग. माझा नंबर घे.

मग आम्ही घरी आलो. दिरांशी बोलायला हवं होतं आणि तिथे दुसरी अडचण होती. त्या घरात थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही, रीत आहे. काही सांगायचं तर सासूबाईंच्या मार्फत, दोघंही तिथेच उभे असताना. सासूबाई कधी ते बोलणं पुढे पोचवतात, कधी पोचवत नाहीत, कारण सगळ्यांनी ऐकलेलंच असतं. म्हणजे बहिणीला तिच्यावरचा आळ स्वतःच्या तोंडानं खोडायची सोयही नव्हती.

दीर पडवीत बसले होते. मी समोर बसले. बहीण आतल्या दाराच्या चौकटीला उभी राहिली.

'दादा, तिनं ते बंद केलं होतं,' मी म्हटलं.

'ताई, तुमी पाहुण्या,' ते म्हणाले. 'तुमाला काय बोलत नाय. आई, तिला सांग, मी डोल्यानं वाचलंय.'

'तिला ऐकू आलं,' सासूबाई म्हणाल्या.

'कंपनीत मी पॅनल सांभाललाय. लाल बटण दाबलं की मशीन थांबायची. थांबली नाय तर दाबलंच नाय, असा हिशोब. तिनं बंद केलं असतं तर बंद झालं असतं.'

मी मोबाईल त्यांच्यापुढे केला. टाकीपाशी उघडलेलं पान तसंच होतं, पण इथे नेट नव्हतं. 'चला माझ्याबरोबर,' मी म्हटलं. 'टाकीपर्यंत. तुम्ही स्वतः बंद करून दाखवा.'

'मला काय करायचंय त्या खेलण्यात?'

'पॅनल सांभाळलाय ना? मग एक स्विच बंद करा.'

सासूबाई म्हणाल्या, 'जा रं. बायका बोलावतात तर जा.' आणि स्वतःही उठल्या. मग शेजारीण उठली. आम्ही टाकीकडे निघालो तेव्हा मागे बरीच माणसं होती. मला तेवढी नको होती, पण कुणाला परत जा म्हणणार. बहीण सगळ्यांच्या मागून आली.

दीर कट्ट्यावर बसले. चष्मा लावला, बोट पुढे केलं. मोठं, जाड बोट. स्विच दाबला. हिरवा गेला. त्यांनी मोबाईल उलटा करून सगळ्यांना दाखवला, कोर्टात पुरावा दाखवावा तसा.

'झालं?' मी विचारलं.

'झालं की. हे बंद.'

'नक्की?'

'आंधला नाय मी.'

'मग बाहेर या. मागे जायचं बटण दाबा. आता पुन्हा उघडा.'

त्यांनी उघडलं. हिरवा.

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. पुन्हा दाबला. पांढरा. मागे गेले, परत आले. हिरवा. तिसऱ्या वेळेला त्यांनी बोट दाबून धरलं, जणू नीट दाबलं नव्हतं म्हणून होत नाही. मोबाईल थरथरला. परत हिरवा.

'बिघडलाय ह्यो,' ते म्हणाले.

'बिघडलेला नाही. असाच बनवलाय. खाली, पार खाली, एक सेव्ह म्हणून आहे. ते दाबलं तरच.'

त्यांनी खाली सरकवत सरकवत ते शोधलं. वेळ लागला.

'मंग तिनं खाली बगायला नको?'

'तुम्ही बघितलंत?'

'त्यानं कवा खाली बगितलंय,' सासूबाई म्हणाल्या. 'जेवताना ताटात बगत नाय, कालवण सांडलं की माझ्यावर ओरडतो.'

शेजारीण हसली. मग दोन-तीन जण हसले. विहिरीवर बोलणारी कोण होती मला माहीत नाही, पण हसणाऱ्यांत असावी. दीर हसले नाहीत. ते उठले, मोबाईल माझ्या हातात दिला आणि शेताकडे चालते झाले. किल्ली करगोट्याला तशीच.

मला वाटलं, जिंकलं. घरी आल्यावर बहीण माझ्यावर उखडली.

'तुला काय गरज होती त्यांना सगळ्या गावासमोर बसवायची? तू संध्याकाळी कर्जतला जाशील. मला त्यांच्या विहिरीचं पाणी भरायचंय.'

'तुझ्यावर आळ होता तोही सगळ्या गावासमोरच होता.'

'मला कुलूप निघायला पाहिजे होतं. त्यांचा पाणउतारा नको होता.'

ती बरोबर होती की मी, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. मी चहा न घेता निघाले.

तीन-चार दिवसांनी त्या ॲपच्या कंपनीतून एका बाईचा फोन आला. पान आखणाऱ्या टीमची ती प्रमुख होती. गोड बोलणारी, घाईत असलेली. माझ्या कामाबद्दल कळल्यावर तिचा सूर बदलला, आता आपण दोघी एकाच धंद्यातल्या.

'तुम्हाला तर माहीत आहे,' ती म्हणाली, 'लोकांना स्विच जास्त आवडतो. स्वच्छ दिसतो. चेकबॉक्सची यादी लावली की लोक पान सोडून जातात.'

'स्विच ठेवा ना मग. दाबल्यादाबल्या नियम बदलू द्या. सेव्ह काढून टाका.'

'तसं केलं तर चुकून दाबलेलं लगेच लागू होतं. यजमानांना ते नको असतं.'

'मग चौकोन लावा आणि सेव्ह ठेवा. पण ते पडद्याच्या तळाशी कायम दिसू द्या, आणि न दाबता कुणी बाहेर निघालं तर विचारा, बदल ठेवायचे की टाकायचे.'

'ते अडथळ्यासारखं वाटतं लोकांना.'

'कुठल्या लोकांना?'

'आम्ही यजमानांकडून तपासून घेतलं होतं.'

'कुठं?'

'ऑफिसमध्ये बोलावून.'

वातानुकूलित ऑफिस, चांगलं नेट, शेजारी बसून 'आता खाली जा' म्हणणारी मुलगी. तिथे सगळ्यांना सेव्ह सापडतं. मी विचारलं, मद्यपानाचा स्विच मुळात हिरवा का होता? तो तुमच्या माणसानं भरला की तुमचं पान आधीपासूनच हिरवं असतं? ती म्हणाली, बघून सांगते. मी म्हटलं, बघायला काय लागतं, तुम्हीच आखलंय. मग ती म्हणाली की बहुतेक यजमानांना ते हवं असतं, म्हणून सोयीसाठी तसं ठेवलंय.

सोयीसाठी. माझा आवाज तेव्हा वाढला असावा, कारण माझ्या नवऱ्यानं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. मी तिला म्हटलं, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दुसऱ्याच्या नावानं लिहिता. चौकोन निदान रिकामा राहतो. रिकामा म्हणजे अजून बोललो नाही. तुमच्या स्विचला गप्प बसता येत नाही. तो पहिल्या दिवसापासून हो नाहीतर नाही म्हणत असतो, आणि वर लिहिता, यजमानांनी परवानगी दिली आहे. कुणी दिली? त्या बाईनं? तिच्या तोंडात तुम्ही हे वाक्य घातलंत आणि त्यावर तिच्या घराला कुलूप लागलंय.

'तुमची सूचना मी टीमपर्यंत पोचवते,' ती म्हणाली.

'टीम तुम्हीच आहात.'

तिनं फोन ठेवला. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता.

श्रावण लागला. बहिणीच्या खोल्या बंदच होत्या. ती मला फोन करत नव्हती, मी तिला. नंतर जे झालं ते मला सासूबाईंकडून कळलं. एका रविवारी एक कुटुंब लेण्यांवरून उतरताना दारात आलं. म्हातारी सासू, सून, लहान मूल. म्हातारीला उपास होता, पाय दुखत होते, रात्रीपुरती जागा मिळेल का म्हणत होती. बहिणीनं सांगितलं, खोल्या बंद आहेत. का बंद आहेत ते सांगितलं नाही. दीर पडवीत दोरी वळत होते. ते उठले, कमरेची किल्ली सोडली, स्वतः जाऊन दोन्ही कुलपं काढली आणि कुलपं घेऊन शेताकडे गेले. बोलणं नाही, माफी नाही. त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर आईला म्हणाले, 'तिला सांग, पुढच्या वेली मानसं यायच्या आदी फोन लावून इचारायचं. त्या डब्यावर भरोसा नाय ठेवायचा.' सासूबाईंनी बहिणीकडे न बघता भाकरी वाढली आणि म्हणाल्या, 'तिला ते पयल्यापासून म्हाईत हाय.'

मी गेले तेव्हा खोल्यांत गाद्या वाळत टाकल्या होत्या. मी बहिणीला म्हटलं, ते ॲप काढून टाक.

'आणि शनिवारी कोण येणार?' ती म्हणाली. 'सगळे त्यातूनच येतात आता. फोन करून कुणी विचारत नाही.'

'त्यांनी अजून काही बदललेलं नाही.'

'मला माहीत आहे. मी बघते ना.'

ती मला टाकीवर घेऊन गेली. गुरुवारी जाते, म्हणाली, शनिवारच्या आधी. कट्ट्यावर बसून तिनं एकेक स्विच बघितला, तळापर्यंत गेली, सेव्ह दाबलं, बाहेर आली, पान पुन्हा उघडलं आणि पुन्हा एकेक बघितलं. मग प्रत्येक पक्क्या बुकिंगला फोन लावला. 'आमच्याकडं बाटली चालत नाय, ॲपमध्ये काहीही लिहिलेलं असू दे.' एका पाहुण्यानं तिकडून काहीतरी सुनावलं. ती म्हणाली, 'मग रद्द करा की,' आणि पुढचा नंबर लावला.

हे सगळं होईपर्यंत दुपारचं ऊन कट्ट्यावर आलं होतं. तिच्या भाताची खाचरं निंदायची राहिली होती, घरी वाल भिजत घातले होते. मी शेजारी बसून बघत होते. हे तिचं काम नव्हतं. फोनवरच्या त्या बाईनं एक दुपार खर्चून चौकोन लावले असते तर माझ्या बहिणीच्या सगळ्या गुरुवारच्या दुपारी वाचल्या असत्या, आणि तिच्यासारख्या किती जणींच्या वाचल्या असत्या ते त्यांनाच माहीत, कारण आकडे त्यांच्याकडे असतात.

'झालं,' बहीण म्हणाली. मग थांबली, पान आणखी एकदा उघडलं, मद्यपानाच्या ओळीवर बोट ठेवून बघितलं आणि मगच मोबाईल ब्लाऊजमध्ये ठेवला.